१९ डॉलरचा स्कोप: स्वस्तात नेम कसा जमला?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना मी जिथे भरकटलो तिथे थोडी कात्री लावलीय, बाकी सगळं तसंच.

‘स्कोप’ हा शब्द आपल्यातल्या बहुतेकांना मोबाइलवरच्या बीजीएमआयने शिकवला. एट-एक्स सापडला की उड्या, टू-एक्स सापडला की तोंड वाकडं. गेममधला हिशेब सोपा आहे: आकडा मोठा, स्कोप भारी. आणि म्हणूनच एअर रायफलसाठी स्कोप शोधणारी मंडळी मला विचारतात, “अरे, एवढ्या पैशात ट्वेंटी-फोर-एक्स मिळतोय, घेऊ का?”

मी मॉडेलचं नाव सांगत नाही. मॉडेल वर्षभरात बदलतात. पण ‘कमी पैशात काय ठेवायचं आणि काय सोडायचं’ हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे, आणि काही लोकांनी तो जिवावर बेतलेला असताना सोडवलाय. आज त्यांची गोष्ट.

सुरुवात जर्मनीतून. १८८४ मध्ये येना शहरात ऑटो शॉट, अर्न्स्ट आबे आणि झाइस कुटुंबाने मिळून काचेची प्रयोगशाळा उभारली. भिंगांसाठी लागणारी उत्तम काच म्हणजे जर्मनी, असं समीकरण झालं. ब्रिटनसुद्धा अशी काच मोठ्या प्रमाणात तिथूनच आणायचा. मग १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि पुरवठादारच शत्रू झाला! खंदकांत जर्मन सैनिकांकडे शिकारीच्या रायफलींवरचे स्कोप होते, ब्रिटिशांकडे फारच थोडे.

तिथे हेस्केथ-प्रिचर्ड नावाचा एक ब्रिटिश अधिकारी होता. मूळचा शिकारी, प्रवासलेखक आणि क्रिकेटपटू. त्याने आघाडीवरचे स्कोप तपासायला घेतले तेव्हा त्याला दिसलं की कितीतरी रायफली नीट झीरोच केलेल्या नाहीत. म्हणजे स्कोपमधली खूण एकीकडे आणि गोळी दुसरीकडे. शिवाय बरेच ब्रिटिश स्कोप रायफलीच्या डाव्या बाजूला बसवलेले, वरून काडतुसं भरता यावीत म्हणून. खंदकातल्या लोखंडी ढालीच्या छोट्याशा भोकातून नेम धरताना हा बाजूचा स्कोप प्रचंड अडचणीचा. म्हणजे बघा, काच चांगली, पण माउंट आणि सेटिंग गंडलेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर झकास, कॉन्फिगरेशन चुकलेलं. आउटपुट शून्य.

आता येऊ १९३० मध्ये. अमेरिकेत महामंदी. बिल वीव्हर नावाचा पंचविशीच्या आसपासचा तरुण स्वतःच्या हाताने एक स्कोप बनवतो. नाव ३-३०, किंमत माउंटसकट १९ डॉलर. युरोपातून येणारे स्कोप तेव्हा सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्याबाहेर होते. वीव्हरने काय केलं? बारीक, पाऊण इंची नळी. झूम नाही. मोठेपणा साधारण अडीच ते तीन पट. माउंट अगदी साधं. तडजोडही होती: नॉब फिरवला की आतली खूण मधोमध न राहता बाजूला सरकलेली दिसायची. पण भाव परवडणारा आणि काम चोख. १९३३ मध्ये तो टेक्सासमधल्या एल पासो शहरात गेला आणि तिथे कारखाना वाढवला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला घाईघाईने स्नायपर रायफल हवी होती. त्यांनी १९०३-ए-४ या रायफलीवर कोणता स्कोप लावला? हाच, वीव्हरचा ३३०. शिकारीच्या दुकानात मिळणारा, अडीच पटीचा. अशा सुमारे २८ हजार रायफली बनल्या. त्याच वेळी अमेरिकी मरीन्सनी निवडला युनर्टल: आठ पटीचा, जवळपास दोन फूट लांब. लांब पल्ल्यावर तो सरस होता, यात वाद नाही. पण गोळी झाडली की धक्क्याने तो माउंटमध्ये पुढे सरकायचा आणि हाताने मागे ओढावा लागायचा. दमट बेटांवर, चिखलात असलं नाजूक यंत्र सांभाळणं हे वेगळंच काम.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट सोव्हिएत पीयू स्कोपची आहे. आधी त्यांच्याकडे पीई होता, चार पटीचा, जर्मन धाटणीचा, साधारण २७ सेंटीमीटर लांब. चांगला, पण बनवायला किचकट. १९४० मध्ये पीयू आला, तो एसव्हीटी-४० या अर्धस्वयंचलित रायफलीसाठी. मोठेपणा थोडा कमी केला: साडेतीन पट. फोकस जुळवायची सोय काढून टाकली. लांबी १७ सेंटीमीटरच्या आसपास आणली, वजन पाव किलोच्या जरा वर. पुढच्याच वर्षी जर्मन फौजा आत घुसल्या, कारखाने उचलून पूर्वेकडे हलवावे लागले. अशा वेळी सुटे भाग कमी असणं म्हणजे जास्त सैनिकांच्या हातात स्कोप पडणं. एसव्हीटी स्नायपरच्या कामाला अपेक्षेइतकी अचूक निघाली नाही, म्हणून १९४२ मध्ये हाच पीयू जुन्या, भरवशाच्या मोसिन रायफलीवर चढवला गेला आणि युद्धभर तिथेच राहिला.

एक फीचर काढलं म्हणून वस्तू हलकी होते का? नेहमी नाही. इथे गणित बघा. स्कोपमधून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या गोल झोताचा व्यास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा. पीयूचं भिंग २१ मिलिमीटर, मोठेपणा साडेतीन. उत्तर ६ मिलिमीटर. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण ७ पर्यंत उघडते. म्हणजे एवढ्याशा भिंगातून संध्याकाळीही डोळ्याला जवळपास पोटभर उजेड. आता ३२ मिलिमीटरचा स्वस्त झूम स्कोप घ्या आणि १६ पटीवर न्या: फक्त २ मिलिमीटर. संध्याकाळी चित्र काळवंडणार, आणि डोळा जरा हलला की गायबच होणार.

दुसरं म्हणजे कोटिंग. काचेच्या उघड्या पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. असे १० पृष्ठभाग झाले की एक तृतीयांश उजेड वाटेतच संपला. झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये यावर लेप शोधला. झूमसाठी आत भिंगं वाढवायची आणि लेपावर पैसे वाचवायचे, ही आजच्या फसव्या स्वस्त स्कोपची रेसिपी.

आणि मुळात स्कोप हवाच का? फिनलंडच्या सिमो हायहाने हिवाळी युद्धात साध्या लोखंडी साइटवरच काम केलं, कारण स्कोपसाठी डोकं वर काढावं लागतं. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्रॉन्झ घेतलं, तेही भिंगाच्या स्कोपविना. त्या स्पर्धेत छिद्राची साइट असते. तेव्हा मॅच शूटिंग शिकायचं असेल तर स्कोपचे पैसे वाचवा आणि रेंजची फी भरा.

तरीही घ्यायचाच असेल, तर इतिहासाने दिलेली यादी ही:

एक, झूम नको. चार पटीचा, ३२ मिलिमीटरचा फिक्स्ड स्कोप त्याच किमतीच्या झूमपेक्षा बहुतेक वेळा चांगला निघतो.

दोन, माउंटला बजेटमधून वेगळे पैसे ठेवा. हेस्केथ-प्रिचर्ड आठवा.

तीन, स्प्रिंगच्या एअर रायफलला धक्का दोन्ही बाजूंनी बसतो, आधी मागे, मग पुढे. बंदुकीवर टिकणारा स्कोप तिच्यावर मोडू शकतो. ‘एअर रायफलसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या.

चार, नॉब २० खुणा वर, २० उजवीकडे, मग तेवढ्याच खाली आणि डावीकडे फिरवा. गोळ्या पहिल्याच जागी परत लागल्या पाहिजेत. न लागल्या तर परत करा, काच कितीही स्वच्छ दिसो.

वीव्हरने १९६८ मध्ये कंपनी विकली, आणि १९८४ मध्ये एल पासोचा कारखाना बंद पडला. तोवर जपानी स्कोप अमेरिकेत आणखी स्वस्तात मिळू लागले होते. ज्याने स्वस्ताईवर बाजार जिंकला, त्याच्या नावाला शेवटी आणखी स्वस्त माल भिडला. पण त्याच्या नावाची ‘वीव्हर रेल’ आजही माउंटच्या खोक्यांवर छापलेली असते.

तर मंडळी, पुढच्या वेळी गेममध्ये टू-एक्स मिळाला की लगेच फेकू नका. प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूच!