एक संगणक, दोन माऊस

आचोळ्याहून आम्ही बोलतोय. आज गोष्ट संगणकाच्या माऊसची आहे, पण सुरुवात जात्यापासून करावी लागेल.

आमच्या आज्यांनी जातं ओढलेलं. दोघी समोरासमोर बसायच्या आणि एकाच खुंट्याला दोघींचे हात असायचे. एकीचा वेग दुसरीशी जुळला तर पायली कधी संपली ते कळायचं नाही. नाही जुळला तर हाताला हिसके बसायचे. आमच्या बचत गटाच्या संगणकावर नेमकं हेच घडलं.

आमच्याकडे एक जुना, वापरलेला संगणक आहे. महिन्याच्या बैठकीत वहीतला हिशेब त्यात चढवतो. माऊस बारावी झालेल्या एका मुलीच्या हातात आणि बाकी सगळ्या तिच्या पाठीमागे उभ्या. एकदा एका मावशींचा २०० रुपयांचा हप्ता दुसरीच्याच ओळीत चढला. मावशींनी ते पाहिलं होतं. "अगं वर, त्याच्या वरची ओळ," असं त्या सांगत होत्या, तोवर मुलगी पुढच्या पानावर गेली. पुढच्या बैठकीत छापील कागदावर मावशींच्या नावापुढे थकबाकी! इतक्या वर्षांत एकही हप्ता न चुकवलेली बाई. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त त्यानंतर संगणकापाशी यायच्या बंद झाल्या.

चूक त्या मुलीची म्हणता येणार नाही. एकीच्या हातात माऊस आणि दहाजणींच्या हाताची घडी, ही रीत आम्हीच पाडली होती. मग दुसरा माऊस आणला. पण तेवढ्याने भागलं नाही. का भागलं नाही, हे शोधताना माऊसचा इतिहासच हाती लागला.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात डग्लस एंगेलबार्ट नावाचे संशोधक होते. त्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या सहकाऱ्याने १९६४ साली पहिला माऊस बनवला. तो लाकडी होता. खाली दोन चाकं, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या, आणि वर एकच बटण. मागे वायर लोंबायची, म्हणून उंदीर. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात एंगेलबार्ट यांनी तो लोकांसमोर चालवून दाखवला. आम्हाला सगळ्यात नवल वाटलं ते त्या प्रयोगातल्या एका गोष्टीचं. दूर मेन्लो पार्क गावी बसलेला त्यांचा सहकारी त्याच मजकुरावर त्यांच्यासोबत काम करत होता आणि पडद्यावर दोघांचे दोन बाण दिसत होते. म्हणजे माऊस पहिल्यांदा चारचौघांत आला तोच जोडीने.

पुढे संगणक घरोघरी गेला तो मात्र 'एका माणसाला एक यंत्र' या हिशेबाने. एक माणूस, एक माऊस, एक बाण. ज्यांच्या घरी माणशी एक संगणक, त्यांना ते पुरलं. आपल्याकडे संगणक आला तो शाळेत एक, कार्यालयात एक, गटाला एक. त्याच्याभोवती घोळका असणारच.

हा घोळका बेंगळुरूच्या काही संशोधकांनी नीट पाहिला. मायक्रोसॉफ्ट कंपनीची संशोधन संस्था तिथे २००५ साली सुरू झाली. तिथल्या उदय सिंह पवार, जोयोजीत पाल आणि केंटारो टोयामा यांनी खेड्यातल्या शाळांचा अभ्यास केला. एका संगणकापुढे मुलांची गर्दी, माऊस एखाद्या दांडग्या मुलाच्या ताब्यात, बाकीचे नुसते बघे. त्यांनी एकाच संगणकाला अनेक माऊस जोडले आणि पडद्यावर प्रत्येक मुलाला वेगळ्या रंगाचा बाण दिला. २३८ मुलांना इंग्रजी शब्द शिकवून पाहिले. त्याचा निकाल २००७ साली प्रसिद्ध झाला. पाच मुलं पाच माऊस घेऊन एका संगणकावर बसली, तरी एकट्याने संगणक मिळालेल्या मुलाइतकेच शब्द शिकली! एका खेळात मुलांची आपसांत स्पर्धा होती, दुसऱ्यात सगळ्यांनी मिळून पुढे जायचं होतं. खेळ बदलला की मुलग्यांचं शिकणं कमीजास्त व्हायचं. मुली मात्र कुठल्याही पद्धतीत साधारण सारख्याच शिकल्या. हे वाचून आमच्या बैठकीत बराच वेळ हशा चालला होता.

तरी हे अनेक माऊस शाळाशाळांत पोचले असं झालं नाही. त्याला खास प्रोग्राम लागतो, संगणक चालू स्थितीत लागतो, शिकवणारं माणूस लागतं. याच टोयामांनी पुढे २०१५ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात ते म्हणतात की यंत्र माणसांची असलेली ताकद वाढवतं, नसलेली आणून देत नाही. यंत्रावर काम केलेल्या माणसाने हे कबूल केलं, हे आम्हाला आवडलं.

आता आमच्या दुसऱ्या माऊसकडे येऊ. साध्या विंडोजच्या संगणकाला दोन माऊस लावले तर दोन्ही चालतात, पण बाण एकच असतो. दोघींनी एकदम हलवले की तो मध्येच थरथरतो. अगदी जात्याचा खुंटा. म्हणून आम्ही नियम केला, एकीने हलवताना दुसरीने हात उचलायचा.

खरी अडचण वेगाची होती. आमच्या तरुण मुलीला बाण चपळ लागतो, मनगट जरा हललं की पडद्याच्या टोकाला. मावशींचा हात विळा-खुरप्याचा, बोटं आखडलेली. त्यांनी हात लावला की बाण कोपऱ्यात पळायचा आणि त्या म्हणायच्या, "हा मला मोजतच नाही." संगणकात वेग कमी करायची पट्टी असते, पण ती कमी केली की दोन्ही माऊस मंद. मग मुलगी वैतागायची.

उपाय मिळाला तो माऊसच्याच अंगावर. हात एक इंच सरकला की माऊस किती पावलं मोजतो, त्याला डीपीआय म्हणतात. ८०० वर ठेवला तर तेवढ्याच हालचालीत बाण १६००च्या निम्मंच अंतर जातो. काही माऊसना चाकाच्या मागे एक छोटं बटण असतं, ते दाबलं की हा आकडा बदलतो. तो बदल त्या एकाच माऊसपुरता, दुसऱ्याला धक्का नाही. आम्ही तसा माऊस घेतला, आकडा सगळ्यात खाली आणला आणि ओळखायला त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. विंडोजमध्ये आणखी एक खूण असते. हात जोरात फिरवला की बाण हालचालीच्या मानाने जास्तच लांब जावा, अशी ती सोय. नवख्या हाताला ती नडते. आम्ही ती काढून टाकली. खरेदीला जाल तेव्हा दुकानदाराला 'डीपीआयचं बटण असलेला माऊस' असं स्पष्ट सांगा. नाहीतर तो नुसता रंग दाखवत बसतो.

मावशींना बोलावून आणायला दोन बैठका गेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त बाण आपल्या नावापर्यंत नेला आणि तिथे ठेवला. कोणी काही बोललं नाही. हप्ता आम्ही आधीच दुरुस्त केला होता, तरी त्यांनी आकडा दोनदा वाचला.

आता चढवण्याचं काम मुलगी करते आणि प्रत्येक पान झालं की लाल ठिपक्याचा माऊस फिरतो. ज्या बाईला शंका असेल तिने बाण त्या ओळीवर नेऊन थांबवायचा. गेल्या बैठकीत मावशींनी तो आम्हा समन्वयकांपैकी एकीच्या नावावर नेऊन थांबवला. तिच्या महिन्याचा रकाना रिकामा होता. चढवायचा राहिला असेल म्हणून वही काढली. चढवायचा राहिला नव्हता, तिने तो भरलाच नव्हता. दंडाचे १० रुपये मावशींनी स्वतः मोजून घेतले.