राजापूरची गंगा
रत्‍नागिरी जिल्ह्यात राजापूरजवळच्या उन्हाळे गावातील खंडित झरा व तीर्थ. हे पाणी बारमाही नाही. साधारण तीन वर्षांनी ते अचानक येते, काही आठवडे किंवा महिने वाहते आणि नाहीसे होते. ‘गंगा आली’ ही बातमी पसरली की कोकणातूनच नव्हे, घाटावरूनही भाविक स्नानाला लोटतात. जांभ्या दगडाने बांधलेल्या आवारात चौदा कुंडे असून वडाच्या मुळाशी मूळ गंगा आहे. काही पावलांच्या अंतरावरील कुंडांतही पाण्याची उष्णता वेगळी लागते. काशीकुंडात गोमुखातून धार पडते.

वार्धक्यामुळे पंढरीची वारी चुकलेल्या शेतकऱ्यासाठी गंगाच त्याच्या शेतात प्रकटली, अशी लोककथा आहे. तीर्थाकडे जाण्याऐवजी तीर्थानेच कष्टकऱ्याच्या दारी यावे, ही कल्पना वारकरी मनाला साजेशी आहे. जमिनीखालच्या पोकळीतील नैसर्गिक वक्रनलिकेची (सायफनची) क्रिया हे गंगेच्या या येण्याजाण्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण दिले जाते.

उन्हाळे गावातच अर्जुना नदीकाठी गरम पाण्याचा झरा आहे. तेथील स्नानाने त्वचारोग व संधिवात बरे होतात, अशी श्रद्धा आहे. गरम पाण्याने आखडलेले सांधे सैलावतात, हे मात्र खरे.