बॅटची कड आणि जवसाचे तेल

बीदर-कलबुर्गी सीमाभागातील काळ्या रानात रब्बीच्या हंगामी जवसाला निळी फुले येतात. जवसाची चटणी तेथे घरोघर परिचित आहे. परंतु क्रिकेटच्या बॅटची कड राखण्याचे कामही जवसाचेच तेल करीत आले, हे थोड्यांच्याच ध्यानी असते.

सन १७७१ मध्ये हॅम्बल्डनविरुद्धच्या सामन्यात व्हाइट नामक इंग्रज खेळाडू यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन उतरला. तेव्हा रुंदीवर सव्वाचार इंचांची मर्यादा आली, ती अद्याप कायम आहे. कडेच्या जाडीला मात्र ४० मिलिमीटरांचे बंधन पडले ते २०१७ साली.

कड जाड असो वा पातळ, निसटता तडाखा तिलाच बसतो. विलोचे लाकूड कोरडे पडले, की तेथे चीर जाते. म्हणून नव्या बॅटच्या दर्शनी भागास व कडांस कच्च्या जवसतेलाचा पातळ हात देत. दांड्याचा सांधा तेवढा टाळीत. हे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते व लाकडातील ओल राखते. ते अति झाल्यास बॅट जड व बथ्थड होते. आता कडेला तंतूंची चिकटपट्टीही लावतात.

दारांना बेलतेल लावणाऱ्या सुतारास हा गुण नवा नाही. बेलतेल म्हणजे उकळलेले जवसतेलच होय.