विस्तार-निवड (आइस हॉकी)

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये नवा संघ दाखल होताना विद्यमान संघांतून त्याला खेळाडू मिळवून देणारी पद्धती. २०१७ साली व्हेगास गोल्डन नाइट्स हा संघ प्रविष्ट झाला, तेव्हा तत्कालीन ३० संघांपैकी प्रत्येकाचा एकेक खेळाडू त्याने उचलावा, आणि प्रत्येक संघाने ७ आघाडीचे, ३ बचावाचे व १ गोलरक्षक, अथवा १ गोलरक्षक व इतर कोणतेही ८ खेळाडू, एवढेच राखून ठेवावेत, असा दंडक होता. ज्यांच्या करारनाम्यात बदलीस मनाई करणारे कलम असे त्यांना राखणे सक्तीचे, तर व्यावसायिक खेळाच्या पहिल्या दोन वर्षांतील तरुणांना मुळातच माफी. त्यामुळे यादीची खरी मसलत करारांच्या कलमांवर आणि मुदतींवर चाले. पिट्सबर्गने तरुण मॅट मरे हाती राहावा म्हणून मार्क-आंद्रे फ्लूरी या ज्येष्ठ गोलरक्षकाकडून ते कलम सोडवून घेतले, आणि व्हेगासने त्यालाच न्यावे यासाठी नवोदितांच्या निवडीतील दुसऱ्या फेरीचा एक हक्कही वर दिला. फ्लोरिडाचा व्यवहार मात्र अनाकलनीयच म्हणावा लागेल: रायली स्मिथचा भारी पगार टाळण्याच्या भरात त्याने आदल्या हंगामात ३० गोल करणारा जोनाथन मार्शेसो यासही गमावले. पहिल्याच हंगामात व्हेगासने स्टॅनली चषकाची अंतिम फेरी गाठल्याने इतर व्यवस्थापक सावध झाले, आणि २०२१ मध्ये त्याच नियमांखाली आलेल्या सिअ‍ॅटल क्रॅकनला असे नजराणे फारसे लाभले नाहीत.