हर्निया : शस्त्रक्रियेपेक्षा मजुरी बुडण्याची धास्ती मोठी

प्रतिनिधी

सोलापूर : सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या गोण्या वाहणारे हमाल, पूर्वभागातील कारखान्यांत मागावर बीम चढविणारे यंत्रमाग कामगार आणि हंगामात उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत टाकणारे तोडणी मजूर यांना एक दुखणे चांगलेच परिचयाचे आहे. दिवसभराच्या कष्टानंतर जांघेत फुगवटा येतो, जडपणा वाटतो आणि रात्री आडवे पडले की फुगवटा आत जातो. जुनी माणसे त्याला अंतर्गळ म्हणत. आता सर्वांच्या तोंडी हर्निया हाच शब्द आहे. त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे हेही बहुतेकांना ठाऊक असते. तरीही 'हंगाम संपू दे', 'मुलीचे लग्न होऊ दे', 'गड्ड्याची यात्रा होऊ दे' असे म्हणत वर्षे निघून जातात. या टाळाटाळीमागे चिरफाडीच्या भीतीइतकीच, किंबहुना तिच्याहून मोठी, मजुरी बुडण्याची आणि पुन्हा कधीच ओझे उचलता न येण्याची धास्ती असते. ही धास्ती किती खरी आणि किती ऐकीव, हे रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वीच समजून घेतले पाहिजे.

हर्निया म्हणजे काय?

पोटाची भिंत स्नायू आणि त्यांवरील चिवट पडद्यांची बनलेली असते. त्या भिंतीत एखाद्या ठिकाणी कमकुवतपणा आला की आतील चरबी किंवा आतड्याचा वेटोळा तेथून बाहेर डोकावू लागतो. पोटाच्या भिंतीच्या हर्नियांपैकी सुमारे तीनचतुर्थांश हर्निया जांघेत होतात. पुरुषांमध्ये अंडकोष गर्भावस्थेत पोटातून ज्या वाटेने खाली उतरतो, ती वाट जन्मतःच नाजूक असते. त्यामुळे शंभर पुरुषांपैकी साधारण २७ जणांना आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होतो. स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात तीन इतके आहे. बेंबीचा हर्निया आणि जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून बाहेर येणारा हर्निया हेही नेहमी आढळणारे प्रकार होत.

केवळ ओझे उचलल्याने हर्निया होतो, हा समज अर्धाच खरा आहे. मुळात कमकुवत असलेल्या भिंतीवर पोटातील दाब वारंवार वाढत राहिला की ती हार मानते. जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, प्रोस्टेटच्या वाढीमुळे लघवीला करावा लागणारा जोर आणि बिडी-सिगारेटचे व्यसन ही कारणेही तितकीच महत्त्वाची आहेत. शस्त्रक्रिया झाली, पण खोकला आणि बिडी तशीच राहिली, तर हर्निया परत येण्याचा धोकाही राहतो.

थांबता येते का?

औषधाने किंवा मालिशने हर्निया बरा होत नाही. कमरेचा पट्टा फुगवटा काही काळ दाबून धरतो. भोक बुजवत नाही. मात्र फुगवटा दिसताच धावत जाऊन शस्त्रक्रिया केलीच पाहिजे, असेही नाही. अमेरिकेत फारसा त्रास नसलेल्या ७२० पुरुषांवर झालेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ देखरेखीखाली राहिलेल्या रुग्णांमध्ये आतडे अडकण्याचे प्रमाण दरवर्षी हजारी दोनपेक्षाही कमी आढळले. याच रुग्णांची पुढे दहा वर्षे माहिती ठेवली असता, त्यांपैकी सुमारे ६८ टक्के जणांनी अखेर शस्त्रक्रिया करून घेतल्याचे दिसले, आणि त्याचे मुख्य कारण होते वाढते दुखणे. म्हणजे त्रास नसलेल्या पुरुषाला डॉक्टरांच्या सल्ल्याने सवडीची वेळ निवडता येते. कायमची सुटका मात्र बहुधा मिळत नाही. कष्टाचे काम करणाऱ्याने ही सवड साठीनंतर मधुमेह आणि रक्तदाब जडेपर्यंत ताणण्यात शहाणपणा नाही.

स्त्रियांच्या बाबतीत थांबण्याचा हा सल्ला लागू नाही. मांडीच्या वरच्या टोकाशी होणारा फेमोरल हर्निया त्यांच्यात तुलनेने अधिक आढळतो. तो लहान असला तरी आतडे अडकण्याचा धोका त्यात बराच जास्त असतो. संकोचापोटी महिनोन्महिने न बोलणे हे येथे महागात पडते.

शस्त्रक्रियेचे प्रकार

इटलीतील पाडुआ येथील एदुआर्दो बासिनी यांनी १८८०च्या दशकात स्नायू शिवून जांघेची भिंत नव्याने उभी करण्याची पद्धत रूढ केली. तीच पुढे शंभर वर्षे चालली. तिच्यात स्नायू ओढून शिवावे लागत, त्यामुळे टाक्यांवर ताण येई, वेदना जास्त होत आणि हर्निया परतही येई. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या अर्विंग लिश्टेनस्टाइन यांनी स्नायू न ओढता त्या जागी पॉलिप्रॉपिलीनची जाळी बसविण्याची पद्धत पुढे आणली. आज प्रौढांवर सर्वाधिक होणारी उघडी शस्त्रक्रिया हीच. जांघेत सुमारे दोन-तीन इंचांचा छेद घेऊन ती सहसा तासाभरात पुरी होते.

दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेत तीन लहान छिद्रे पाडून जाळी आतल्या बाजूने बसवितात. पहिल्या काही दिवसांतील वेदना तिच्यात कमी असतात आणि रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो. दोन्ही बाजूंना हर्निया असल्यास किंवा उघड्या शस्त्रक्रियेनंतर तो परत आला असल्यास ती विशेष सोयीची ठरते. मात्र तिला सहसा पूर्ण भूल लागते, खर्च अधिक येतो आणि सराव असलेला सर्जन लागतो.

या विषयात महाराष्ट्राचेही मोलाचे योगदान आहे. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीऐवजी रुग्णाच्याच स्नायूवरील पडद्याची पट्टी वापरून भिंत मजबूत करण्याची पद्धत २००१ मध्ये प्रसिद्ध केली. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर या पद्धतीची जाळीच्या शस्त्रक्रियेशी तुलना झाली; तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत हर्निया परतण्याचे प्रमाण सारखेच, म्हणजे १.९ टक्के निघाले. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी जाळीची किंमत गरिबाला परवडत नाही हे पाहून, निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड तिच्या जागी वापरले. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची शास्त्रीय चाचणी झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, वर्षभरानंतर स्वस्त आणि महागड्या जाळीच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. महाग जाळी म्हणजेच चांगली शस्त्रक्रिया, असे मानण्याचे कारण नाही.

रुग्णालयातील दोन दिवस

आधी रक्त, लघवी, साखर आणि हृदयाचा आलेख तपासला जातो. बिडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद केल्यास जखम चांगली भरते. उघड्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. रुग्ण जागा असतो, डॉक्टरांचे बोलणे त्याला ऐकू येते, ओढल्यासारखे जाणवते, पण दुखत नाही. या अनुभवाची आधी कल्पना नसल्यास तो अनेकांना घाबरवून सोडतो.

नंतर तीन-चार तास पाय जड राहतात. हे पाय परत हलणार की नाही, अशी शंका बहुतेकांच्या मनात येऊन जाते. लघवी तुंबणे ही विशेषतः वयस्कर पुरुषांची नेहमीची अडचण. तसे झाल्यास तात्पुरती नळी घालावी लागते. संकोचाने ते लपवू नये. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी रुग्णाला उठवून चालविले जाते. एका कुशीवर वळून, हातावर भार देऊन उठल्यास टाक्यांवर ताण कमी येतो. खोकताना किंवा शिंकताना जखमेवर हात किंवा लहान उशी दाबून धरावी.

घरी गेल्यावर

पहिले तीन-चार दिवस दुखणे सर्वाधिक असते. दुखू लागल्यावर गोळी घेण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी घेतलेली गोळी अधिक उपयोगी पडते. अंडकोषाला सूज येणे, तेथील कातडी काळी-निळी पडणे हे दृश्य रुग्णाला आणि घरच्यांना हादरविते. प्रत्यक्षात ते रक्त साकळल्याने होते आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरते. घट्ट आधार देणारी चड्डी वापरल्याने आराम मिळतो. व्रणाखाली काठीसारखा कडकपणा काही आठवडे जाणवतो, तसेच जखमेलगतची कातडी बधिर वाटते. कधी त्या जागी पाणी साचून फुगवटा येतो आणि 'हर्निया परत आला' म्हणून रुग्ण धास्तावतो. तपासणी जरूर करून घ्यावी. पण असे पाणी बहुधा आपोआप जिरते.

खाण्यापिण्याचे निर्बंध हा घरोघरीचा वादाचा विषय. वांगे, बटाटा, भात यांनी टाके पिकतात, या समजाला आधार नाही. खरा शत्रू बद्धकोष्ठता आहे. भाकरी, पालेभाजी, ताक, फळे आणि भरपूर पाणी हेच पथ्य. उन्हाळ्यात येथील पारा चाळिशीपार गेला की जांघेत घाम साचतो; डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रोज आंघोळ करून जखम कोरडी ठेवावी. ताप, वाढती लाली, पू किंवा वाढत जाणारी वेदना असल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवावे.

कामावर केव्हा?

सर्वाधिक गोंधळ येथेच आहे. 'दुसऱ्या दिवशी कामावर' अशा जाहिराती एकीकडे, तर 'आता जन्मभर जड उचलायचे नाही' असा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला दुसरीकडे. दोन्ही टोके चुकीची. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, जांघेच्या हर्नियाची शस्त्रक्रिया गुंतागुंतीविना पार पडली असेल, तर हालचालींवर दीर्घ निर्बंध घालण्याची गरज नाही. लवकर हालचाल केल्याने हर्निया परतण्याचे प्रमाण वाढत नाही. वेदनेला विचारून हालचाल वाढवीत जावे, हे सूत्र.

व्यवहारात चालणे पहिल्या दिवसापासून, बैठे काम आठवडा-दोन आठवड्यांत, आणि दुचाकी जोरात ब्रेक दाबताना न दुखू लागल्यावर, असा क्रम असतो. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेणे किंवा बीम उचलणे यासाठी बहुतेक सर्जन चार ते सहा आठवडे थांबावयास सांगतात. पाण्याचे हंडे आणि घागरी उचलणाऱ्या गृहिणींनाही हाच नियम लागू आहे; 'घरकाम म्हणजे काम नव्हे' ही समजूत त्यांच्या मुळावर येते. सिझेरियन किंवा अन्य जुन्या व्रणातील मोठ्या हर्नियासाठी मात्र विश्रांती जास्त लागते. सरतेशेवटी आपले नेमके काम काय, किती वजन, किती वेळा, हे सर्जनला सांगून त्यांच्याकडून आठवडे ठरवून घ्यावेत. 'विश्रांती घ्या' एवढ्या मोघम उत्तरावर समाधान मानू नये.

या चित्राला एक काळी बाजूही आहे. शंभरातील दहा-बारा जणांना तीन महिन्यांनंतरही मध्यम स्वरूपाचे दुखणे राहते आणि त्यांतील थोड्यांचे रोजचे काम त्यामुळे अडते. शस्त्रक्रियेच्या जागेतून जाणाऱ्या नसा हे त्याचे एक कारण. हे दुखणे मनाचे खेळ नसतात. तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर सर्जनकडे परत जावे. औषधे आणि नसेजवळील इंजेक्शने असे उपाय उपलब्ध आहेत.

लहान मुलांचे काय?

बाळाची बेंबी फुगलेली दिसली की तिच्यावर नाणे बांधण्याची प्रथा आहे. तिचा उपयोग नाही. उलट कातडीला जखम होऊ शकते. बेंबीचा हर्निया बहुतेक बाळांमध्ये चार-पाच वर्षांचे होईपर्यंत आपोआप बंद होतो. जांघेचा हर्निया मात्र आपोआप बरा होत नाही आणि तान्ह्या बाळांत आतडे अडकण्याचा धोका मोठा असतो. त्यावर लवकर शस्त्रक्रिया करावी लागते. तिच्यात जाळी वापरत नाहीत.

खर्च आणि बुडालेली मजुरी

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजेच सर्वांच्या परिचयाच्या 'सिव्हिल'मध्ये, शल्यचिकित्सा विभाग आहे. राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे झाले. आपल्या प्रकारचा हर्निया योजनेत बसतो का आणि कोणत्या रुग्णालयात, याची चौकशी दाखल होण्यापूर्वीच आरोग्यमित्राकडे करावी.

राज्य कामगार विमा योजनेखालील कामगाराला, वर्गणीची अट पूर्ण असल्यास, आजारपणाच्या रजेत वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र वेळेवर सादर करावे लागते. १९६९च्या माथाडी कायद्याखाली नोंद असलेल्या हमालांनी आपल्या मंडळाकडे चौकशी करावी. ज्यांची कोठेच नोंद नाही त्यांच्यासाठी चार-सहा आठवड्यांचा बुडालेला रोज हाच शस्त्रक्रियेचा खरा खर्च ठरतो. हंगाम नसतानाचे दिवस निवडून आणि हाती थोडी शिल्लक ठेवून शस्त्रक्रिया ठरविणे, हा त्यांना उपलब्ध असलेला व्यवहार्य मार्ग आहे. आतडे अडकल्यावर मध्यरात्री करावी लागणारी शस्त्रक्रिया अशी सवड देत नाही, आणि तिच्यानंतरची विश्रांतीही कितीतरी लांबते.

चौकट : ताबडतोब रुग्णालय गाठा

- फुगवटा अचानक कडक झाला, दुखू लागला आणि आत जाईनासा झाला
- फुगवट्यावरील कातडी लाल किंवा काळसर झाली
- उलट्या सुरू झाल्या, पोट फुगले, शौच आणि वायू सरणे थांबले

अशा वेळी फुगवटा जोराने आत ढकलू नये, मालिश करू नये, काही खाऊपिऊ नये. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडला तर काही तासांतच ते निकामी होऊ शकते. सकाळपर्यंत वाट पाहू नये.

चौकट : सर्जनला विचारावयाचे प्रश्न

- माझा हर्निया कोणत्या प्रकारचा? थांबल्यास धोका किती?
- उघडी शस्त्रक्रिया की दुर्बिणीतून, आणि माझ्यासाठी तीच का?
- जाळीसह एकूण खर्च किती?
- माझे काम अमुक वजनाचे आहे. ते नेमक्या कोणत्या आठवड्यापासून करू?
- तीन महिन्यांनंतरही दुखले तर कोणाला दाखवू?