ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर (टीएनएफ)

शरीरात दाह पेटवणारे आणि वाढवणारे प्रथिन. ते मुख्यतः महाभक्षी पेशींत तयार होते. आमवात, क्रोन रोग, सोरायसिस आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस यांचे रुग्ण वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे जातात, कारण सांधे, आतडी, त्वचा आणि मणका अशी अवयवांवरून या रोगांची वाटणी झालेली आहे. प्रत्यक्षात या चारही रोगांत टीएनएफ रोखले की अनेक रुग्णांना आराम पडतो. भिन्न रोगांमागील समान यंत्रणेचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडते.

उंदरांतील गाठी कुजवणारा रक्तघटक म्हणून १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी त्याला हे नाव दिले. पुढे ब्रूस ब्यूटलर व अँथनी सेरामी दीर्घ आजारात शरीर खंगवणाऱ्या ‘कॅकेक्टिन’चा माग काढत होते. १९८५ मध्ये हे दोन्ही पदार्थ एकच असल्याचे उघड झाले.

खरी कलाटणी लंडनमध्ये मिळाली. मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या गटाने आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यांतील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. या पेशी दाहकारक प्रथिने एक ना अनेक सोडतात. त्यांतले एकच अडवून काय साधणार, अशी शंका रास्तच होती. पण टीएनएफविरोधी प्रतिपिंड घातल्यावर इंटरल्युकिन-१ या दुसऱ्या दाहकारक प्रथिनाचे उत्पादनही घटले. साखळीचे वरचे टोक हाती लागले होते. १९९२ मध्ये रुग्णांवर चाचणी सुरू झाली. त्या चाचणीतल्या प्रतिपिंडाला, म्हणजे इन्फ्लिक्सिमॅबला, अमेरिकेत पहिली मान्यता मात्र १९९८ मध्ये क्रोन रोगासाठी मिळाली. आमवातासाठीची त्यानंतर वर्षभराने आली.

यंत्रणा समान असली तरी रोग एकच ठरत नाहीत. एटानरसेप्ट हे टीएनएफरोधक आमवातात गुणकारी आहे, क्रोन रोगात नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तर टीएनएफ रोखल्याने आजार बळावल्याचे आढळले.

टीएनएफ शरीराच्या गरजेचेही आहे. क्षयाच्या जंतूंना पेशींच्या गराड्यात कोंडून ठेवणारी गाठ, म्हणजे ग्रॅन्युलोमा, टिकवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. ते रोखले की वर्षानुवर्षे दबलेला क्षय उफाळू शकतो. भारतात अनेकांच्या शरीरात असा सुप्त क्षय असल्यामुळे हा धोका विशेष गांभीर्याने घ्यावा लागतो. म्हणून उपचारापूर्वी छातीचा एक्स-रे आणि त्वचेची किंवा रक्ताची चाचणी करतात. सुप्त क्षय आढळल्यास आधी त्यावरची प्रतिबंधक औषधे सुरू केली जातात.