खोल समुद्रातील मासे आणि सूक्ष्मप्लास्टिक : एका संशोधनाचा इतिहास

प्लास्टिकचा इतिहास लिहिताना लिओ बेकलंड यांच्या १९०७ मधील बेकेलाइटपासून आरंभ करून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उत्पादनवाढीपर्यंत येण्याची प्रथा आहे. हा इतिहास कारखान्याचा होय. तेच प्लास्टिक समुद्राच्या अंधाऱ्या थरांतील माशांच्या जठरात कसे आढळू लागले, याचा इतिहास निराळा असून तो बराच अलीकडचा आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या इतिहासाचा आढावा घेऊन त्यातील साधनांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

१९७२ साली एडवर्ड कार्पेंटर व के. एल. स्मिथ यांनी सारगासो समुद्राच्या पृष्ठभागावर दर चौरस किलोमीटरला सरासरी ३,५०० प्लास्टिकचे कण आढळल्याचे 'सायन्स' या नियतकालिकात नोंदविले. त्याच वर्षी कार्पेंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर तपासलेल्या माशांच्या १४ जातींपैकी ८ जातींच्या पोटात पॉलिस्टायरीनचे गोलक सापडल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे मूळ पुरावा तेव्हाच उपलब्ध होता. तथापि 'सूक्ष्मप्लास्टिक' ही संज्ञा रूढ होण्यास २००४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी रिचर्ड थॉम्पसन यांच्या गटाने स्कॉटलंडच्या उत्तरेकडील सागरी मार्गांवर १९६० च्या दशकापासून गोळा झालेले प्लवकांचे जुने नमुने पुन्हा तपासले. ॲलिस्टर हार्डी यांनी तयार केलेले प्लवक-संकलक यंत्र व्यापारी जहाजांच्या मागे ओढले जाई व त्यातील रेशमी पट्टीवर प्लवक अडकत. प्लवकांसाठी जपलेल्या त्या पट्ट्यांवर प्लास्टिकचे तंतूही अडकले होते, आणि १९८० नंतरच्या नमुन्यांत ते अधिक होते. इतिहासाच्या अभ्यासकाला हे दप्तर ओळखीचे वाटेल : एका हेतूने जतन केलेला कागद दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देतो.

खोल पाण्यातील माशांचा विचार यानंतर सुरू झाला. यात कंदीलमाशांचे स्थान मध्यवर्ती आहे. हे लहान, स्वयंप्रकाशी मासे दिवसा शेकडो मीटर खोल राहतात व रात्री अन्नासाठी वर येतात. त्यामुळे पृष्ठभागावरील कण त्यांच्याबरोबर खाली जातात. उत्तर पॅसिफिकमधील ६७० माशांपैकी सुमारे ३५ टक्के माशांच्या पोटात प्लास्टिक असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये पीटर डेव्हिसन व रेबेका ॲश यांना त्याच महासागरातील १४१ माशांत हे प्रमाण ९.२ टक्के आढळले. २०१८ मध्ये वायव्य अटलांटिकमधील २३३ माशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ते ७३ टक्के निघाले.

हे तीन आकडे एका रेषेत मांडून 'प्रदूषण झपाट्याने वाढले' असे म्हणण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा मोह टाळलाच पाहिजे. डेव्हिसन व ॲश यांनीच लक्षात आणून दिले की जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत मासे व प्लास्टिक दाटीने कोंडले जाते आणि मासा तेथेच कण गिळू शकतो. असा कण समुद्राविषयी काही सांगत नाही, जाळ्याविषयी सांगतो! दुसरी अडचण प्रयोगशाळेतील आहे. २०१८ च्या अभ्यासात बहुतांश कण तंतुरूप होते, आणि तंतू तर संशोधकाच्या कपड्यांतून, हवेतूनही नमुन्यात पडतात. म्हणूनच त्या अभ्यासात हवेतील तंतूंबाबत विशेष दक्षता घ्यावी लागली. शिवाय जाळे, कणांचा लक्षात घेतलेला किमान आकार आणि महासागर हे सर्वच भिन्न. बखरीतील सैन्यसंख्या आणि पत्रातील सैन्यसंख्या आपण एकाच तक्त्यात मांडत नाही. येथेही तोच न्याय लागू व्हावा.

खरी कालतुलना जुन्या माशांवरच शक्य आहे. २०२१ मध्ये शिकागो परिसरातील गोड्या पाण्याच्या माशांचे संग्रहालयीन नमुने तपासले असता विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या माशांत प्लास्टिकचे कण आढळले नाहीत, नंतर ते वाढत गेले. खोल समुद्रासाठीही असे साधन आहे, आणि ते आपल्याच समुद्रातील आहे. १९३३-३४ मध्ये सेमूर स्युएल यांच्या नेतृत्वाखाली 'मबाहिथ' या इजिप्शियन जहाजाने अरबी समुद्राचे सर्वेक्षण केले. त्या मोहिमेत पकडलेल्या माशांचे वर्णन जे. आर. नॉर्मन यांनी १९३९ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केले. पॉलिथिनचे व्यापारी उत्पादन त्याच वर्षी सुरू झाले होते.